फुलदाणीच्या तळाशी

१९७८ साली कामानिमित्त मी वर्षभर दक्षिण स्वीडनमधल्या व्हेक्स्यो या गावी राहिलो होतो. निघताना घरमालकीणबाईंनी एक जाड काचेची फुलदाणी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "ही आमच्या यांच्या हातची." त्यांचे दिवंगत यजमान कोस्टाच्या काच कारखान्यात भट्टीवर होते, एवढं मला ठाऊक होतं. पण फुलदाणी अशी देखणी, बाहेरून पाण्यासारखी नितळ आणि पोटात गर्द जांभळ्या रेघा, की मी मनात म्हटलं, म्हातारीची माया बोलते आहे.

पुण्यात ती शोकेसमध्ये बसली. एका जाणकार पाहुण्यांनी ती इटलीतल्या मुरानोची ठरवली आणि मीही पुढे कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत राहिलो. चूक अगदीच वेडगळ नव्हती. १९५० च्या दशकात स्वीडनच्याच फ्लिग्सफोर्श कारखान्यात पॉल केडेल्व्ह यांनी शिंपल्यासारखी वळणं घेतलेली रंगीत भांडी घडवली. तीही मुरानोची म्हणून खपतात. नुसत्या रंग-आकारावरून काचेचं कुळ सांगणं म्हणजे नाकावरून आडनाव ओळखण्यापैकीच!

एका दिवाळीच्या साफसफाईत मी ती उपडी केली. फुंकलेलं भांडं शेवटी ज्या लोखंडी दांडीवर धरतात, तिचा वण तळाशी राहतो. इथे तो घासून गुळगुळीत केला होता. शेजारी बारीक कोरलं होतं 'कोस्टा', मग एल आणि एच ही अक्षरं, मग चार आकडे. आकडे १९३० आणि १९४० च्या मधले. मी अर्थातच ते साल समजलो.

इथेच बहुतेक नवशिके घसरतात. तो यादीतला क्रमांक असतो. एल म्हणजे विके लिंडस्ट्रँड हे संकल्पनाकार आणि एच म्हणजे भट्टीपाशी, काच तापलेली असतानाच घडवलेली वस्तू. लिंडस्ट्रँड कोस्टात होते १९५० ते १९७३. तेव्हा माझं १९३० चं दशक आपोआप बाद झालं. त्याआधी, १९२८ ते १९४०, ते ओरेफॉर्समध्ये होते. तिथेही एल त्यांच्याकडेच. म्हणूनच की काय, नील्स लँडबर्ग यांच्या वस्तूंवर एन येतो. म्हणजे अक्षर वाचायचं ते कारखान्याच्या नावासकट.

कोरलेली सही म्हणजेही ब्रह्मवाक्य नव्हे. कोरायला एक सुई पुरते. म्हणून तळावरचे ओरखडे पाहायचे. वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या भांड्यावर ते वेडेवाकडे, सगळ्या दिशांना जाणारे असतात. पॉलिशपेपरने आणलेलं म्हातारपण एका दिशेने जातं. फिनलंडच्या रीहिमाकीच्या भांड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांतल्या पुष्कळांवर नुसता कागदी शिक्का असे आणि तो पहिल्या धुण्यातच जाई. आपण नव्या स्टीलच्या डब्यावरचं लेबल नखाने काढतो, तसंच. तिथलं हातकाम १९७६ मध्ये थांबलं. अशा वेळी जुन्या छापील याद्यांशी आकार आणि उंची ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नसतं.

इतकं कळल्यावर मला वाटलं, बाईंची चूक सापडली. फुलदाणी लिंडस्ट्रँड यांची, यजमानांची कुठली? पण ओरेफॉर्सची हकीकत वाचली आणि मी वरमलो. ज्या 'ग्राल' तंत्राने त्या कारखान्याचं नाव झालं, ते १९१६ मध्ये सिद्ध केलं ते भट्टीवरचे उस्ताद कनूट बेर्गक्विस्ट यांनी, चित्रकार सिमोन गाटे यांच्या जोडीने. रंगीत काचेचा छोटा गोळा थंड करायचा, त्यावर नक्षी कोरायची, तो पुन्हा तापवून त्यावर नितळ काच चढवायची आणि फुंकून मोठा करायचा. नक्षी काचेच्या पोटात तरंगत राहते. क्षणभर जास्त ताव लागला तर सगळं चित्र ओघळणार! १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात ओरेफॉर्सचा बोलबाला झाला तो मुख्यतः गाटे आणि एडवर्ड हाल्ड या दोघा कलावंतांच्या नावाने. बेर्गक्विस्ट यांचं नाव निदान पुस्तकांत आलं. त्यांच्या मागच्या फुंकणाऱ्यांचं, दांडी धरणाऱ्यांचं काय?

आपल्याकडेही भांड्यावर नाव घालतात, पण ते देणाऱ्याचं. आमच्या आजीच्या तांब्याच्या घंगाळावर तिच्या मामांचं नाव आहे. ते ठोकणाऱ्या तांबटाचं नाही.

ओरेफॉर्सची भट्टी २०१३ मध्ये बंद झाली. कोस्टाची, १७४२ पासूनची, चालू आहे. माझ्या घरमालकीणबाई केव्हाच गेल्या. यजमान त्या काळात भट्टीवर असल्याने त्यांचं म्हणणं खरं असू शकतं; तळाची अक्षरं ते सिद्धही करत नाहीत आणि खोडतही नाहीत. आता पाहुण्यांना मी दोन्ही नावं सांगतो, आधी यजमानांचं.