जर्मनीतली एमपी थ्री आणि परभणीतली ओवी

आजचा भाग शक्यतो इअरफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर ऐकलात तरी चालेल, पण मग काही गोष्टी तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. का पोचणार नाहीत, तेच आज बोलायचंय.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपल्याकडे गमतीनं म्हणतात. ही म्हण नेमकी कुठून आली याच्या दहा कथा आहेत, त्यात आत्ता नको शिरायला. पण मोबाइलवरच्या आवाजाचा इतिहास काढला तर ती फार छान लागू पडते. १९९० च्या दशकात जर्मनीत काही इंजिनिअर ठरवत होते की आवाजातलं काय काय टाकून दिलं तरी माणसाला कळणार नाही. आणि त्याच दशकात आपल्या परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला, काही माणसं बाईच्या गळ्यातलं काहीच टाकून न देता टेपवर उतरवत होती. आज ही दोन्ही कामं तुमच्या एकाच फोनमध्ये येऊन भेटतात.

आपला प्रश्न साधा आहे. फोन तोच, इअरफोन तेच, मग एक गाणं खणखणीत आणि दुसरं डबड्यात बसून गायल्यासारखं का वाजतं? उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

टाळ खळखळायचे, ते का?

आधी रेडिओ. आकाशवाणीचं परभणी केंद्र, मध्यम लहरी, १३०५ किलोहर्ट्झ. तुमच्या आईवडिलांना विचारा, शेतीच्या कार्यक्रमापासून भजनापर्यंत सगळं त्यावर ऐकलेलं असतं. पण मध्यम लहरींची एक अडचण होती. आपल्याकडे या पट्ट्यात दोन केंद्रांच्या जागांमध्ये फक्त ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. शेजाऱ्याच्या हद्दीत जायचं नाही म्हटल्यावर साडेचार किलोहर्ट्झच्या आसपासच्या वरचा आवाज कापावा लागतो. तरुण माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे वरचा मोठा भाग गेलाच.

आता या वरच्या भागात असतं काय? टाळांची झणझण, तबल्याच्या चाटीची धार, "स" आणि "श" मधला फरक. म्हणून रेडिओवरच्या भजनात टाळ वाजण्याऐवजी खळखळायचे. लोकांनी तक्रार केली नाही, कारण त्याआधी घरबसल्या गाणं ऐकण्याची सोयच किती जणांकडे होती? आवाज दूरवर पोचला पाहिजे, हे पहिलं. तो सुंदर पोचला पाहिजे, हे नंतर. हा सौदा लक्षात ठेवा, तो पुढे परत परत होणार आहे.

कॅसेटची कॉपी, कॉपीची कॉपी

मग आली कॅसेट. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ मध्ये आणली, पण आपल्याकडे घराघरात पोचली १९८० च्या दशकात, स्वस्त कॅसेटींची लाट आली तेव्हा. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज, भीमगीतं, विठ्ठलाची गाणी गावोगावी वाजायला लागली. रेडिओवर कुणीतरी निवडलेलं ऐकावं लागायचं, कॅसेटवर आपण निवडलेलं. आणि पहिल्यांदाच साध्या माणसाला स्वतः रेकॉर्ड करता आलं. गावातलं कीर्तन, लग्नातली गाणी, घरातल्या लहान पोराचे बोबडे बोल.

पण कॅसेटची पट्टी अरुंद, चार मिलिमीटरही नाही, आणि सरकायची सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. त्यामुळे मागे एक "स्स्स्स" कायम. मित्राची कॅसेट आणून डबल डेकवर कॉपी केली की मूळ कॅसेटचा "स्स्स" अधिक नव्या कॅसेटचा "स्स्स". त्या कॉपीची कॉपी केली की आणखी एक. चौथ्या माणसापर्यंत गायक धुक्यात उभा असायचा. या काळाचा धडा असा: वाजवणारं यंत्र कितीही भारी आणा, कॉपी करताना जे गेलं ते परत येत नाही.

ताडकळसची टेप

आता आजच्या भागाच्या मुख्य गोष्टीकडे येऊ.

परभणी जिल्हा म्हणजे संत जनाबाईंचा जिल्हा, गंगाखेड त्यांचं गाव. दळता दळता गाणं म्हणायचं, ही इथल्या बायकांची शेकडो वर्षांची रीत. पहाटे जात्यावर बसायचं आणि मनातलं ओवीत घालायचं. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सीतेचा वनवास, पुढच्या काळात बाबासाहेबसुद्धा. मग गावात पिठाची गिरणी आली. कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं आणि ओवी म्हणायची वेळही गेली.

पुण्याच्या हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकात या ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं. सोबत खेड्यापाड्यातल्या कार्यकर्त्या बायका होत्या. सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या मुळशी भागातून झाली, पुढे काम मराठवाड्यापर्यंत पोचलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आधी त्या कागदावर उतरवल्या. पण कागदावर चाल येत नाही, दम येत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक या कामात आले आणि ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. एकूण १२० तासांच्या वर. त्यात आपलं ताडकळस आहे.

हे मुद्रण डॅटवर झालं. डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, १९८७ मध्ये बाजारात आलेली. दिसायला छोट्या कॅसेटसारखी, पण आत "स्स्स" नाही. ती आवाजाचं माप सेकंदाला ४८ हजार वेळा घेऊ शकते आणि त्यातलं काहीही गाळत नाही. लक्षात घ्या, त्या काळी खेड्यातल्या बाईचा आवाज इतक्या चांगल्या टेपवर घ्यायची कुणालाच सक्ती नव्हती. साध्या कॅसेटवर घेतला असता तरी कुणी विचारलं नसतं. पण स्टुडिओतल्या गायकाला मिळावा तो मान त्यांनी जात्यावरच्या गळ्याला दिला.

काय टाकून द्यायचं?

आता जर्मनी. एर्लांगन शहरातल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी एका कोड्यावर काम करत होते. सीडीवरचं गाणं सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट जागा खातं. ते १२८ मध्ये बसवायचं, म्हणजे अकरा पट लहान करायचं, आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागू द्यायचा नाही.

युक्ती अशी. वरातीत डीजे चालू असताना शेजारचा काय बोलतो ते ऐकू येतं का? नाही. मोठा आवाज बारीक आवाजाला झाकतो. मग जे झाकलंच जाणार आहे ते साठवायचं कशाला? टाका काढून. हीच एमपी थ्री. तिचं हे फाइलचं नाव १९९५ च्या जुलैमध्ये ठरलं.

यातली गंमत ऐका. ब्रांडेनबुर्ग यांनी ही पद्धत घासूनपुसून नीट केली ती एका अमेरिकन गायिकेच्या गाण्यावर: सुझान व्हेगा यांचं "टॉम्स डायनर". त्यात एकही वाद्य नाही, नुसता एकटीचा गळा. वाद्यांच्या गर्दीत चूक लपते, एकट्या आवाजात लपायला जागाच नसते. सुरुवातीला तो आवाज इतका बिघडला की पद्धत पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली.

एकटीचा गळा, वाद्य नाही. म्हणजे आपली ओवीच की! जी गोष्ट दाबून लहान करायला सगळ्यात अवघड, तीच आपल्या आज्या रोज पहाटे करत होत्या.

मेमरी कार्डचे दिवस

पुढचा काळ तुमच्यातल्या काहींनी लहानपणी पाहिलाय. साधा रंगीत फोन, त्यात बोटाच्या नखाएवढं मेमरी कार्ड, आणि मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन गाणी "भरून" घ्यायची. एक जीबीच्या कार्डात १२८ च्या दर्जाची पाच मिनिटांची साधारण दोनशे गाणी बसतात. ६४ ला उतरवली तर चारशे. गिऱ्हाइकाला दोनशे हवीत की चारशे? उत्तर तुम्हाला माहीत आहे. परत तोच सौदा: जास्त हवं, तर थोडं खराब चालेल.

व्हिडिओचं तर विचारूच नका. थ्रीजीपी फाइल आठवते? त्यात बहुतेक वेळा चित्र असायचं १७६ बाय १४४ ठिपक्यांचं, म्हणजे पंचवीस हजारांच्या आसपास ठिपके. आजच्या १०८० च्या व्हिडिओत त्याच्या सुमारे ८२ पट असतात. आणि आवाज अनेकदा एएमआर नावाच्या पद्धतीचा. ही पद्धत मुळात फोनवर बोलण्यासाठी बनवलेली. समोरचा आवाज माणसाच्या बोलण्याचाच आहे असं ती धरून चालते. तिला ढोलताशा दिला की पाण्याखालून ऐकल्यासारखं होतं. ताडकळसच्या टेपवर जेवढी माहिती बसत होती, तिच्या शंभराव्या भागाहूनही कमी इथे उरते.

आणि इथेच खरं नुकसान झालंय. आपल्या कितीतरी घरांत आजीआजोबांचं हलतं-बोलतं एकच रेकॉर्डिंग आहे, आणि ते या काळातलं आहे. १९९० च्या दशकातली ताडकळसची ओवी आज स्वच्छ ऐकू येते, आणि तिच्यानंतर दहा-बारा वर्षांनी काढलेल्या घरच्या व्हिडिओत आजीचा चेहरा ओळखू येत नाही. तंत्र पुढे गेलं, पण दर्जा मागे गेला, कारण तो यंत्राच्या वयावर नसतो. पहिल्यांदा टिपताना आपण किती राखलं, त्यावर असतो.

रेंज आली, तरी सौदा तोच

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. फोर-जीवरून होणाऱ्या कॉलमुळे बोलणंसुद्धा सुधारलं. जुन्या कॉलमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झएवढाच आवाज जायचा, नव्यात ५० ते ७००० पर्यंत जाऊ लागला. मामाचा आवाज मामासारखा वाटायला लागला तो यामुळे.

व्हिडिओचं गणित मात्र आता फोन स्वतः करतो. ऑनलाइन व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार असतो. परभणी शहरात रेंज चांगली, तर चांगला तुकडा येतो. जिंतूरच्या वाटेवर रेंज पडली की हलका. व्हिडिओ थांबत नाही, फक्त धूसर होतो. मार्च २०२० मध्ये सगळा देश घरात बसला आणि नेटवर्कवर ताण आला, तेव्हा भारतातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरचा दर्जा काही दिवसांसाठी ४८० वर आणला होता. बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही. जर्मनीतली युक्ती किती मुरलीय बघा.

पाहताना दर्जा उतरला तर बिघडत नाही, रेंज आली की परत चांगला दिसतो, कारण मूळ फाइल तिकडे सुखरूप असते. आपल्या घरच्या फाइलींचं तसं नाही. आपण व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो दाबला जातो. कुणी तो स्टेटसला लावतो, पुन्हा दाबला जातो. तिथून कुणी स्क्रीन रेकॉर्ड करतो, पुन्हा तेच. आणि दरम्यान फोनची जागा भरली म्हणून आपण मूळ व्हिडिओ डिलीट केलेला असतो. कॅसेटच्या कॉपीची कॉपी, फक्त आता "स्स्स" ऐवजी चौकोन दिसतात.

मग करायचं काय?

ओव्या येणाऱ्या बायका आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. सेलूला असतील, पाथरीला असतील, पालमला असतील, तुमच्याच घरात असतील. तुमच्या खिशातला फोन त्या काळच्या डॅट यंत्राच्या तोडीचं काम करू शकतो. फक्त थोडं जपा.

आजीला म्हणायला बसवाल तेव्हा पंखा बंद करा आणि फोन विमान मोडवर टाका. तो हातात धरू नका, घडी केलेल्या कापडावर ठेवा, आजीपासून एक हात अंतरावर. ब्लूटूथ इअरबड्सचा माइक वापरू नका. माइक चालू झाला की ते बहुतेक वेळा कॉलच्या दर्जावर उतरतात आणि आवाज बारीक होतो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये सगळ्यात वरचा दर्जा निवडा. फाइल कुणाला पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ती दाबली जात नाही. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा.

आणि फाइलच्या नावात लिहा: कोण, कुठलं गाव, कोणती तारीख. रायरकर आणि पॉइटवाँ यांच्या कामाची अर्धी किंमत या नोंदींत आहे. कोणती ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईची, हे लिहिलेलं होतं, म्हणून २०१७ पासून "पारी" या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या ओव्या नावागावासकट ऐकायला मिळू लागल्या.

ताडकळसच्या ओव्याही तिथे आहेत. आज रात्री एक लावा. आधी फोनच्या स्पीकरवर, मग इअरफोनवर. एवढासा स्पीकर खालचे, जाड सूर नीट वाजवूच शकत नाही. जात्याची घरघर असते ती त्याच सुरांत. मग उद्या आजीला विचारा, तुला यातली कोणती येते?

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि मूळ फाइल डिलीट करू नका!