टर्बो काढून देतो, तेही फुकट!

गाडीला हौसेने बसवलेला टर्बो पुढे काढून विकायचा, हे मोटारवेड्यांमध्ये नेहमीचंच. पण खुद्द कंपनीच म्हणतेय, "आणा गाडी, टर्बो फुकट काढून देतो," असं कधी ऐकलंय? झालंय तसं. अमेरिकेत, १९६५ साली.

गाडीचं नाव ओल्ड्समोबील जेटफायर. ती आली १९६२ मध्ये. टर्बो घेऊनच कारखान्याबाहेर पडलेल्या पहिल्या दोन कार्सपैकी ही एक. दुसरी शेव्हर्ले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर, तीही जनरल मोटर्सचीच, त्याच वर्षीची. जेटफायरचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८, २१५ घन इंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. आणि ताकद २१५ हॉर्सपॉवर. घन इंचाला एक घोडा! जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं?

आता खरी गोम. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा. हवा कोंबली की तापते. मग ठिणगीची आग पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर घाव बसतात. हेच नॉकिंग. ते टाळायला टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन सहसा कमी ठेवतात. ओल्ड्सवाल्यांनी मात्र ते १०.२५ ला १ असं चढंच ठेवलं, आणि आत जाणाऱ्या मिश्रणात पाणी आणि मिथेनॉल सोडलं. माठातलं पाणी गार होतं ना, तेच तत्त्व. नाव मात्र एकदम झोकात: टर्बो रॉकेट फ्लुइड!

हे फ्लुइड संपलं तर? त्याचीही सोय होती. एक यंत्रणा दाब चढूच द्यायची नाही. इंजिन वाचायचं, गाडी मात्र मरगळायची. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडतं. पण पेट्रोलशिवाय आणखी एक टाकी भरायची सवय होती कुणाला? लोकांनी ती रिकामीच ठेवली आणि वर 'गाडी ओढत नाही' म्हणून तक्रारी केल्या. सुमारे ९,६०० गाड्या विकून १९६३ नंतर मॉडेल बंद. पुढे १९६५ मध्ये टर्बोच्या जागी साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची ती फुकट योजना आली. बऱ्याच मालकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असणार!

आज मूळ टर्बोसकट जेटफायर सापडणं दुर्मिळ, आणि जुनी गाडी पूर्ववत करणाऱ्यांना नेमके तेच पार्ट हवे असतात. नुसता टर्बो मिळून भागत नाही. कार्ब्युरेटर खास, मॅनिफोल्ड खास, फ्लुइडची टाकी आणि झडपा खास. एक नसेल तर बाकीचं शोकेसमध्ये ठेवायचं. आमच्या भाषेत, डिपेंडन्सी मिसिंग.

म्हणून आजचं जुनं कन्व्हर्जन किट विकणाऱ्यांना एकच सांगणं: सुटं सुटं विकू नका. टर्बोबरोबर मॅनिफोल्ड, वेस्टगेट, ऑइलचे पाइप, इंटरकूलर, इंजेक्टर आणि ईसीयूचं ट्यूनिंग, सगळं एकत्र द्या. कुठल्या इंजिनावर, किती बूस्टवर चालवलं तेही लिहून द्या. घेणाऱ्याने पंख्याची पाती आणि शाफ्टचा खेळ बघावा, मॅनिफोल्डला तडे नाहीत ना ते तपासावं. आणि हो, देखभाल काय लागते ते आधी विचारावं. जेटफायर तिथेच तर हरली. यंत्र ठीक होतं हो, टाकी भरायला कुणी नव्हतं.