पिशवी गेली, झोळी राहिली

आज जरा अवघड विषयावर लिहितेय. आईला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही, माझं तर झालं, दुसरीचं तरी होऊ नये."

आमचं गाव पारोळा तालुक्यातलं. मी बारावीला होते तेव्हा आईची पिशवी काढली. आपल्याकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही, पिशवीच म्हणतात. अंगावरून फार जायचं, रक्त कमी झालेलं, त्यामुळे ऑपरेशन गरजेचं होतं की नव्हतं या वादात मी पडत नाही. ऑपरेशन तालुक्याच्या गावात एका खासगी दवाखान्यात झालं. टाके चांगले भरले. गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, "जड उचलू नका" एवढं सांगितलं आणि आम्ही घरी आलो. किती दिवस उचलायचं नाही, जड म्हणजे किती, हंडा जड की अर्धी बादली जड, काही नाही. दिवस कापसाच्या वेचणीचे होते. तिसऱ्या आठवड्यात आई पाठीला झोळ बांधून शेतात.

पुढची सात-आठ वर्षं आमच्या लक्षातच आलं नाही की आई एसटीने लांबच्या लग्नाला जायचं टाळते. सप्तशृंगीला नको म्हणते. आणि कानबाईच्या विसर्जनात सगळ्यात पुढे फुगडी खेळणारी ही बाई आता नुसती दारात उभी राहून बघते. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा कळलं. खोकला आला, शिंक आली, हसू आलं तरी लघवी सुटते. मी म्हटलं, डॉक्टरला का नाही विचारलंस? तर म्हणे, "डॉक्टरनी काई सांगंच नही." म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं नाही, म्हणून ते विचारण्यासारखं नसणार!

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते. मी इतिहासाची शिक्षिका, डॉक्टर नाही. पण यातला इतिहासच मला जास्त अस्वस्थ करतो.

आधी शरीराचं थोडं. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेली. आपण बाळाला लुगड्याच्या झोळीत टाकतो ना, तशीच. मूत्राशय, पिशवी, गुदाशय, सगळ्यांना खालून तिचा आधार. बाळंतपणं, डोक्यावरचे हंडे, केळीचे घड, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यांनी ती सैल होते. पिशवी काढताना तिला वरून धरून ठेवणारे बंधही कापावे लागतात, म्हणजे आधाराची घडी आणखी बदलते. स्वीडनमध्ये पिशवी काढलेल्या सुमारे १ लाख ६५ हजार बायकांच्या नोंदी तपासल्या, २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. न काढलेल्या बायकांच्या तुलनेत लघवी सुटण्यासाठी पुढे ऑपरेशन करावं लागण्याचा धोका त्यांच्यात दुपटीहून जास्त निघाला. याचा अर्थ ऑपरेशन वाईट असा नाही. गाठी, कॅन्सर, न थांबणारा रक्तस्राव यात ते जीव वाचवतं. पण झोळीची काळजी घ्यायला हवी, एवढं तर स्पष्ट आहे.

आणि ती कशी घ्यायची हे माहीत नव्हतं असंही नाही. १९४८ साली अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने दाखवून दिलं की ही झोळी व्यायामाने घट्ट होते, दंडासारखीच. बायकांना आपण बरोबर आवळतोय की नाही ते कळावं म्हणून त्याने दाब मोजायचं छोटं यंत्रही बनवलं. (योगवाले म्हणतील हा तर आपला मूलबंध. असेल. पण गावातल्या बाईला मूलबंध तरी कुणी शिकवला होता?)

जवळजवळ त्याच काळात मुंबईत आपली मराठी माणसं काय करत होती ते बघा. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म गोव्यातल्या शिरोड्याचा, काम जे. जे. रुग्णालयात. गर्भपात टाळणाऱ्या त्यांच्या टाक्याला जगभर 'शिरोडकर टाका' म्हणतात. पण अंग बाहेर आलेल्या तरुण बायकांची पिशवी न काढता ती पट्टीच्या आधाराने वर उचलून बांधायचं ऑपरेशनही त्यांनी बसवलं. डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी त्यासाठी पोटाच्या पुढच्या आवरणाची पट्टी वापरायची पद्धत काढली. ही ऑपरेशनं आजही या दोघांच्या नावाने शिकवली जातात. पिशवी वाचवायची विद्या आपल्याच राज्यात घडली! आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, पोलिओच्या मुलांसाठी.

म्हणजे व्यायाम, वाचवायचं ऑपरेशन आणि फिजिओथेरपी या तिन्ही गोष्टी सत्तर वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या आवाक्यात होत्या. तालुक्यापर्यंत मात्र पिशवी काढायचं ऑपरेशन तेवढं पोचलं. याला कारण आहे. ऑपरेशनला टेबल, भूल आणि बिल असतं. व्यायामाला शिकवणारी बाई लागते, अर्धा तास लागतो, पडदा लागतो, आणि तीन महिने पाठपुरावा लागतो. त्यातून पैसा सुटत नाही.

शिवाय आपल्या बायका बोलत नाहीत. डॉ. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती, १९८९ मध्ये तीही 'लॅन्सेट'मध्ये आली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मग २०१९ मध्ये बीडचं प्रकरण गाजलं. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. चर्चा सगळी 'का काढली' यावर झाली. व्हायलाच हवी होती. पण काढून झालेल्या त्या तेरा हजार बायका दुसऱ्या हंगामात पुन्हा मोळ्या उचलत होत्या, त्यांच्या झोळीचं काय झालं हे कुणी विचारलं? आपल्या चाळीसगावातून, साक्रीतूनही कोयते जातातच की, बीड काही लांब नाही.

आता आपल्या जिल्ह्यांचं. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून आहे, जळगावला २०१८ पासून. जळगावात डॉ. उल्हास पाटील फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. २०१२ मध्ये जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. सुप्रीम कोर्टाने ५ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलं की अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखायची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या समित्यांनी 'का काढली' सोबत 'काढायच्या आधी आणि नंतर काय शिकवलं' हाही रकाना ठेवावा, एवढंच माझं मागणं आहे.

कारण शिकवायचं ते फार नाही. आईला मी शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे नेलं, वीस वर्षं उशिरा. ती म्हणाली, ऑपरेशनच्या आधी दोन-तीन आठवडे आला असतात तर निम्मं काम सोपं होतं, कारण दुखत नसताना बरोबर स्नायू सापडतो. नंतर पहिल्याच दिवशी पावलं हलवायची, खोल श्वास घ्यायचा, कुशीवर वळून उठायचं, खोकताना पोटाला उशी धरायची. लघवीची नळी निघाल्यावर, डॉक्टरांना विचारून, हलकं आवळणं सुरू. वारा अडवतो तसं आतून वर ओढायचं, श्वास न रोखता, मग पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं. दिवसातून तीनदा, आठ-आठ वेळा, किमान तीन महिने. लघवी मध्येच थांबवून रोज सराव करायचा नाही. साधारण सहा आठवडे हंडा, मोळी, घड काही उचलायचं नाही. हे शेवटचं वाक्य बाईला नाही, तिच्या सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगायचं.

आई आता ओट्यावर बसून भाजी निवडताना करते. पूर्ण बरं झालेलं नाही, पण एसटीत बसते. मागच्या वर्षी कानबाईला फुगडीचे दोन फेरे घेतले आणि मला म्हणाली, बघत काय बसलीस, हात धर.

तुमच्या घरात कुणाची पिशवी काढली असेल तर डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर व्यायामाची एक तरी ओळ आहे का? असेल तर नाव झाकून फोटो मला पाठवा. नसेल तरी पाठवा. दोन्ही गठ्ठे घेऊन मी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाणार आहे.