२१२ ते ७६६ : आपल्या दारातल्या रस्त्याचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेत एका वेगळ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. म्हैसूर आणि नंजनगूड यांच्यामध्ये वसलेल्या कडकोळहून आपण रोज ज्या रस्त्याने ये-जा करतो, त्याचे नाव एकदा बदलले आहे. जुनी मंडळी त्याला अजूनही 'दोनशे बारा' म्हणतात. २०१० साली देशभरातील राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि २१२ चा ७६६ झाला. रस्ता तोच, पण पाटी जुनी ठरली. जुन्या दगडावर किंवा दुकानाच्या फलकावर कुठे २१२ दिसलाच, तर तो त्या काळाचा अवशेष समजावा.

नव्या क्रमांकात एक गंमत आहे. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मूळ महामार्ग सांगतात. म्हणजे ७६६ ही ६६ क्रमांकाची शाखा! हा ६६ म्हणजे पनवेलहून कोकण, गोवा, मंगळूर, कोळिकोड करत कन्याकुमारीला जाणारा रस्ता, आपल्या कोकणवासीयांचा जुना 'सतरा नंबर'. कोळिकोडला त्यातून फुटलेली फांदी वायनाड, बंदीपूर, गुंडलुपेट, नंजनगूडवरून आपल्या दारात येते. कागदोपत्री का होईना, कडकोळ कोकणाशी जोडले गेले आहे.

रस्त्याकडेचे दगडही वाचता येतात. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. मैल लिहिलेला दगड आढळला तर तो बहुधा मेट्रिक मापे येण्यापूर्वीचा.

याच वाटेवरचा सर्वांत मोठा अवशेष म्हणजे नंजनगूडचा कपिला (कबिनी) नदीवरील जुना दगडी पूल. म्हैसूरचे दळवाई देवराज यांनी तो १७३५ साली बांधला. पुण्यात शनिवारवाडा उभा राहून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती व पेशवेपदी थोरले बाजीराव होते! पुढे याच पुलावरून मीटरगेज आगगाडीही धावू लागली. एकाच पुलावरून गाडी आणि मोटार जात असत. ब्रॉडगेज आल्यावर रेल्वेसाठी नवा पूल झाला. जुना मात्र वारसा म्हणून उभा राहिला.

सगळ्यांचेच नशीब असे नसते. बोरघाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल आपल्यापैकी अनेकांनी मुंबई-पुणे प्रवासात पाहिला असेल. वाहतुकीला अडचण होते म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो पाडण्यात आला.

काही रस्ते तर कागदावरच राहतात. मंडकळ्ळी विमानतळाची धावपट्टी लांबवायची तर हाच महामार्ग आणि रेल्वे आड येतात. त्यासाठी धावपट्टीखालून रस्ता नेण्याची योजना पुढे आली आणि वर्षानुवर्षे चर्चेतच राहिली.

रुंदीकरणात पहिला बळी जातो तो कडेच्या दगडाचा. तेव्हा मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांना एक विनंती. गावाभोवतीचा प्रत्येक जुना दगड, प्रत्येक जुनी पाटी यांचे छायाचित्र काढून जागा व तारीख लिहून ठेवावी. दगड राहिला नाही तरी त्याची नोंद तरी राहील. विघ्नहर्ता ही सुबुद्धी सर्वांना देवो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!