वचन आणि समास

छापील बायबलाच्या इतिहासात राजदरबारांची झोप मूळ वचनापेक्षा त्याच्या भोवतीच्या मजकुरानेच, म्हणजे प्रस्तावनांनी आणि समासातील टीपांनी, अधिक उडविली, असे म्हणावयास हरकत नाही. विल्यम टिंडलने १५२५ साली कोलोन येथे इंग्रजी नव्या कराराची छपाई आरंभिली, तेव्हा लूथरच्या धर्तीवर विस्तृत प्रस्तावना आणि समासभर टीपा त्याने जोडल्या होत्या. परंतु कॉख्लेयुस नामक विरोधकास सुगावा लागून काम थांबले, आणि त्या आवृत्तीचा मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायापर्यंतचाच तुटका भाग आज उपलब्ध आहे. पुढील वर्षी वर्म्स येथून संपूर्ण करार निघाला तो मात्र लहान आकाराचा आणि टीपांवाचून. १५४३ च्या इंग्रजी कायद्याने टिंडलचे भाषांतर बंद केलेच. शिवाय इतर बायबले बाळगण्यास मुभा देताना त्यांतील टीपा व प्रस्तावना कापाव्यात वा खोडाव्यात, असे फर्माविले. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यालाही १५६० च्या जिनीव्हा बायबलातील टीपाच सलत होत्या, आणि त्यातही फारोची आज्ञा मोडणाऱ्या सुइणींचे समर्थन करणारी टीप विशेष. त्यामुळे त्याच्या आज्ञेने झालेल्या १६११ च्या भाषांतरात हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशापलीकडे टीप नसावी, हा दंडक झाला.

१८०४ साली लंडनला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली तिने तोच दंडक अधिक कडक करून, टीपा वा भाष्य यांवाचून केवळ शास्त्रवचन छापावे, असा शिरस्ता घातला. राजपंथीय आणि इतर पंथीय एका मेजाभोवती बसावयाचे, तर ही तजवीज शहाणपणाची होती यात शंका नाही. टीप आली की पंथ आला. मात्र संपूर्ण ग्रंथाऐवजी एखादेच शुभवर्तमान सुटे छापले, म्हणजे ही तजवीज अपुरी पडे. संपूर्ण बायबल बरेचसे आपणच आपला कोश असते. सुट्या मत्तयाचा आरंभ अब्राहामापासूनच्या वंशावळीने होतो, आणि पुढे पदोपदी ज्या संदेष्ट्यांचे दाखले येतात त्यांचे ग्रंथ वाचकाच्या हाती नसतात. मिशनरी विल्यम कॅरी आणि त्याचे साहाय्यक पंडित वैजनाथ यांच्या खटपटीने बंगालमधील सेरामपूरला १८०५ साली मराठीत मत्तय छापला गेला, तेव्हा मराठी वाचकास वंशावळ अपरिचित नव्हती. पुराणे तिने भरलेली आहेत. अपरिचित होते ते भाष्यावाचून समोर आलेले धर्मवचन. ज्ञानेश्वरीसारखी टीकाच ज्या समाजाचा धर्मग्रंथ झाली, त्यास पुराणिकावाचून पोथी म्हणजे अर्धे काम वाटले असल्यास नवल नाही.

मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८१७ साली आपल्या छापखान्यातून आरंभीच आठ पानी धर्मपत्रक काढले, ते मला या दृष्टीने बोलके वाटते. पुढे १८२७ साली मुंबईत ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी निघाली, आणि शास्त्राच्या पुस्तकात ज्यास मज्जाव होता तो खुलासा वेगळ्या चोपड्यांतून, वेगळ्या मंडळीच्या खर्चाने छापण्याची सोय झाली.