लाभक्षेत्र

गेल्या मे महिन्यात घरी, जोह्याला आलो होतो, तेव्हा ओटीवर बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. उपग्रहाचं चित्र घ्यायचं आणि त्यातला हिरवेपणा मोजायचा. ऑफिसचं काम नव्हतं, हौस होती. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून दहा मीटर बाय दहा मीटरच्या प्रत्येक चौकोनाला एक आकडा मिळतो. आकडा मोठा, म्हणजे हिरवळ दाट.

निकाल आला. खारघरचं गोल्फचं मैदान पहिल्या वर्गात पास. पेणच्या खाडीपट्ट्यातली भातशेती जवळजवळ ओसाड.

बाबा शेजारच्या कारखान्यात होते. आमच्याकडे कारखाना म्हणजे गणपतीचा, आणि मे महिना म्हणजे ऐन घाईचा. हातातलं काम ठेवून ते आले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "मे महिन्यात भातशेत हिरवं कसं असेल? आणि पावसात त्यात पाणी किती थांबतं, ते कुठे दाखवतं तुझं हे?"

ते कुठेच दाखवत नव्हतं. उलट जुलैचं चित्र घातलं, तर शेतात साचलेल्या पाण्यामुळे आकडा आणखी खाली गेला. कोडमध्ये चूक नव्हती. मी विचारलेला प्रश्नच अर्धवट होता. मग वाटलं, शहरांनी आजवर हा प्रश्न कसा विचारलाय ते बघावं. आमच्या मूर्ती जिथे जातात, त्या मुंबईपासूनच सुरुवात केली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग पसरतो, असं तेव्हाच्या अनेक कारभाऱ्यांना वाटत होतं. म्हणून दाटीच्या मोहल्ल्यांतून रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा आत घ्यायचा ठरला, आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखल्या. पारशी कॉलनीची पाच उद्यानं त्या आखणीतली. १९२५ मध्ये शिवाजी पार्कचं मैदान लोकांसाठी खुलं झालं; शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त १९२७ मध्ये त्याला ते नाव मिळालं.

गंमत अशी, की प्लेग हवेने नव्हे तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झालं. गृहीतक चुकलं, पण बागा टिकल्या. टोचणारी गोष्ट दुसरीच आहे. ज्यांची घरं पाडून वाऱ्याला वाट दिली, त्यातल्या कितीतरी गरिबांना या नव्या वसाहतींत जागा मिळाली नाही. हवा मोजली गेली. ती कुणाच्या वाट्याला आली, हे मोजलं गेलं नाही.

शंभर वर्षांनी तोच प्रश्न गिरणगावात आला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि मुंबईच्या मधोमध शेकडो एकर जमीन निपचित पडली. माझ्या आजोबांनी लालबाग-परळच्या चाळींत मूर्ती पोचवल्या होत्या. भोंग्यावर चालणारं ते गाव त्यांच्या तोंडून मी ऐकलंय. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले. एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. आधीच श्वास कोंडलेल्या शहराला एवढी मोकळी जागा पुन्हा मिळण्याची शक्यता नव्हती.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटे तेच राहिले. ते कशाचे, हे बदललं. आता पूर्ण जमिनीचे नाही, तर गिरणीच्या आवारात जी जागा मुळातच मोकळी होती, तेवढीचेच वाटे होणार होते. उदाहरण घेऊ. समजा गिरणी ३० एकरांची आहे आणि त्यातले २४ एकर शेड आणि इमारतींखाली आहेत. जुन्या हिशोबाने शहराला मोकळ्या जागेसाठी १० एकर मिळाले असते. नव्या हिशोबाने मोकळ्या ६ एकरांचा तिसरा हिस्सा, म्हणजे २ एकर. शेड पाडून टाकल्या तरी त्यांच्याखालची जमीन या हिशोबात 'मोकळी' नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल पर्यावरणवाद्यांच्या बाजूने लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम कायम राहिला. 'मोकळी जागा' या दोन शब्दांची व्याख्या बदलली आणि लाखो माणसांच्या वाट्याची सावली गेली. एका ओळीने अख्खं सॉफ्टवेअर बसतं हे मला माहीत होतं. शहरही बसतं, हे तेव्हा कळलं.

झाडांचं मोजमाप अलीकडे बदललंय. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका समितीने झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरावी असं सुचवलं. झाड जितकं जुनं, तितकी किंमत जास्त. २०२१ मध्ये महाराष्ट्राने शहरी भागातल्या झाडांविषयीचा १९७५ चा कायदा सुधारला. पन्नास वर्षांवरचं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. आधीपेक्षा हे नक्कीच बरं. पण बसस्टॉपवरचा साठ वर्षांचा वड तोडून दूरच्या टेकडीवर साठ रोपं लावली, तर वहीतला हिशोब जुळतो आणि बसची वाट बघणारी बाई उन्हात उभी राहते.

फायदा माणसापासून मोजता येतो. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या. ऑपरेशन एकच, खिडक्या वेगळ्या. २३ रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांच्याशी मिळत्याजुळत्या २३ जणांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हे १९८४ मध्ये छापून आलं. २०२१ मध्ये वनतज्ज्ञ सेसिल कोनायनेंडाइक यांनी ३-३०-३०० असा साधा नियम मांडला: प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर तीस टक्के झाडांची सावली असावी, आणि बाग तीनशे मीटरच्या आत असावी. इथे मोजणीची सुरुवात बागेपासून होत नाही, घराच्या दारापासून होते.

हे वाचताना मला पेणचाच एक शब्द आठवला. हेटवणे धरणामुळे आमच्या तालुक्यात तो घरोघरी पोचलाय: लाभक्षेत्र. म्हणजे ज्या जमिनीला धरणाचा लाभ होतो ती. धरणाचं महत्त्व त्याच्या भिंतीच्या लांबीवर ठरत नाही, ते पाणी कुणापर्यंत पोचतं यावर ठरतं. या लाभक्षेत्रातली जमीन महामुंबई सेझला द्यायची का, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं होतं. प्रचंड बहुमताने उत्तर आलं, नाही. तेव्हा मी शाळेत होतो. जमिनीबद्दल जमिनीवरच्या माणसांना विचारायचं असतं, एवढं मात्र त्या दिवशी डोक्यात बसलं.

बागेचंही लाभक्षेत्र काढता येईल. किती चौरस मीटर, हा पहिला प्रश्न. सावली कुणावर पडते, फाटक किती वाजता बंद होतं, आजी तिथवर चालत जाऊ शकते का, पाऊस पडल्यावर कुणाचं घर कोरडं राहतं, हे त्यानंतरचे प्रश्न. खरा फायदा या नंतरच्या प्रश्नांत आहे.

आणि आता घाई आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर परिसरात नवं शहर वसवण्याचं काम एमएमआरडीएकडे सोपवलं गेलं. नकाशे माझ्यासारखीच कुणीतरी पोरं एसीत बसून करतील. त्यांच्याही स्क्रीनवर मे महिन्यातलं भातशेत ओसाड दिसेल. ओसाड जागेवर काय बांधायचं, हे ठरवायला वेळ लागत नाही.

त्या संध्याकाळी मी बाबांना नकाशा मोठा करून दाखवला. त्यांनी रंगाचं बोट तसंच स्क्रीनवर टेकवलं. "हा बांध. ही उघाडी. भरतीला ही बंद होते, ओहोटीला शेतातलं पाणी इथून बाहेर जातं. बांध फुटला की पाणी इथपर्यंत येतं." बोट शेतांवरून सरकत सरकत घरांपर्यंत आलं.

मी ती रेघ नकाशावर काढून घेतली. प्रोग्राममध्ये तिच्यासाठी रकाना नव्हता. तो आता केलाय.