अवजड रेणूंचे उड्डाण

रेणूचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राची अट मोठी कडक. रेणू वायुरूप हवा आणि त्यावर विद्युत्‌भार हवा. केंब्रिज येथे १९१९ साली अॅस्टन यांनी निऑन वायू तपासला, तेव्हा ही अट जाचक नव्हती. प्रथिनांची गोष्ट निराळी. ती तापवली की वाफ होण्यापूर्वीच बिघडतात. अंडे उकडणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते.

क्योतो येथील शिमाद्झू कंपनीतील कोइची तानाका हे विद्युत्‌ अभियंते. १९८५ साली कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत त्यांच्या हातून चुकून ग्लिसरीन पडले. महागडी भुकटी टाकवेना, म्हणून तेच मिश्रण त्यांनी लेसरच्या झोताखाली धरले. आणि नमुन्याचे रेणू न फुटता उडाले! १९८७ मध्ये त्यांनी २५,००० हून अधिक वस्तुमानाचे प्रथिन अखंड उडवून दाखवले.

तिकडे अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन फेन प्रथिनांचे द्रावण विद्युत्‌भारित सुईतून फवारीत होते. थेंब सुकत जातात, त्यांवरील भार दाटत जातो, आणि अखेर भारित रेणू तेवढा उरतो.

२००२ च्या नोबेल पारितोषिकात दोघांनाही वाटा मिळाला. मात्र प्रयोगशाळांत रूढ झालेली लेसर-पद्धत तानाकांची नव्हे. ती जर्मनीतील कारास व हिलेनकांप यांची. त्यांच्या पहिल्या निबंधाचे सालही १९८५ च. मोठे प्रथिन प्रथम कोणी उडवले, या कसोटीवर ते मागे पडले. ही कसोटी अनेक शास्त्रज्ञांना रुचली नाही, आणि ते अकारण नव्हते. कोबाल्टच्या भुकटीची जागा केव्हाच त्यांच्या सेंद्रिय स्फटिकांनी घेतली होती.